दप्तर रद्दीत घालण्याआधी : संस्थेचा कोणता कागद किती वर्षे जपायचा?

मार्चअखेर झाली, ऑडिट उरकले, वार्षिक सभेची नोटीस निघाली की गावोगावच्या संस्थांमध्ये कपाटे रिकामी करायचे काम निघते. सेवा सोसायटी असो, दूध संस्था असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो की शाळा चालवणारे मंडळ, चित्र सारखेच असते. पावती पुस्तकांचे गठ्ठे, वाळवी लागलेल्या खतावण्या, कडा कुरतडलेली प्रोसिडिंग बुके. कुणीतरी म्हणते, "दहा वर्षं झाली की, आता कशाला ठेवायचं?" आणि गठ्ठे रद्दीच्या टेम्पोत जातात.

चूक इथेच होते. हा दहा वर्षांचा आकडा बहुतेक ठिकाणी ऐकीव असतो. सगळ्या संस्थांना आणि सगळ्या कागदांना लागू पडेल अशी एकच मुदत कायद्यात नाही. काही कागद सहा वर्षे, काही आठ, काही दहा, तर काही कायमचे जपावे लागतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुदत कागदावरच्या तारखेपासून धरायची नसते. ती बरेचदा उशिरा सुरू होते, आणि वाद चालू असेल तर संपतच नाही.

सध्या हा प्रश्न जास्त तातडीचा झाला आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे गावच्या सेवा सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची केंद्राची योजना जून २०२२ मध्ये मंजूर झाली. मंजुरीच्या वेळी देशभरातल्या ६३,००० संस्थांसाठी २,५१६ कोटी रुपयांची ही योजना होती. शिल्लक बाकी संगणकात चढली की जुनी कीर्द-खतावणी निकामी झाली, असा समज त्यातून पसरू शकतो. तो खरा नाही.

पहिला प्रश्न : आपली संस्था कोणत्या कायद्याखाली?

फळ्यावर "संस्था" असे लिहिलेले असले तरी कायद्याच्या नजरेत प्रत्येकीची जात वेगळी. नोंदणी प्रमाणपत्र काढून पाहावे. ग्रामीण भागात मुख्यतः तीन प्रकार आढळतात.

१. सहकारी संस्था : विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था. यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि १९६१ चे नियम लागू.

२. शेतकरी उत्पादक कंपनी : नाव शेतकऱ्यांचे असले तरी ही कंपनीच. कंपनी कायदा २०१३ लागू.

३. सार्वजनिक विश्वस्त संस्था : शिक्षण मंडळ, देवस्थान, वाचनालय चालवणारे मंडळ. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० लागू.

हा झाला मूळ कायदा. त्यावर जीएसटी, आयकर, कामगारांचे कायदे असे इतर कायदे येऊन बसतात. एकाच कागदाला दोन-तीन कायदे लागू असतील, तर त्यातली सर्वांत लांब मुदत पाळायची. हा सगळ्या कामाचा पाया आहे.

सहकारी संस्था : कोणती पुस्तके असलीच पाहिजेत

१९६१ च्या नियमांतील नियम ६५ मध्ये संस्थेने ठेवायच्या पुस्तकांची यादीच आहे. नमुना "आय" मधील सभासद नोंदवही, भाग नोंदवही, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त, रोकड वही, सर्वसाधारण खतावणी आणि वैयक्तिक खतावणी, साठा नोंदवही, मालमत्ता नोंदवही, आणि लेखापरीक्षणातले आक्षेप व त्यांच्या दुरुस्तीची नोंदवही. या यादीशी आपल्या कपाटाचा ताळा घेतला की काय आहे आणि काय नाही ते तासाभरात कळते.

यातली सभासद नोंदवही सर्वांत मोलाची. कोण कधी सभासद झाला आणि कधी सभासदत्व संपले, याचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कायद्याच्या कलम ३८ मध्ये तिला मान्यता आहे. मतदार यादीचा वाद असो, वारसाच्या नावे भाग चढवायचे असोत, की "आमचे आजोबा सभासद होते" असा दावा असो, शेवटी हेच पुस्तक उघडावे लागते. ते कधीच निकाली काढायचे नाही.

कर्जाच्या कागदांचे गणित वेगळे आहे. सभासदाकडून संस्थेला येणे असलेल्या रकमेच्या वादात कलम ९२ प्रमाणे मुदत कर्ज दिल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. सभासद मयत झाला किंवा त्याचे सभासदत्व संपले, त्या दिवसापासून ती मोजतात. म्हणजे २००५ सालचे थकीत कर्ज सभासद हयात असेपर्यंत मुदतबाह्य झाले असे धरता येत नाही. येणे जिवंत, पण वचनचिठ्ठी आणि खतावणीचे पान रद्दीत गेले, तर वसुलीचा दावा कशाच्या जोरावर करणार?

उलट बाजूही तितकीच गंभीर. समजा एका शेतकऱ्याने कलम ४८ खाली इकरार करून कर्ज घेतले. सातबाऱ्यावर बोजा चढला. पुढे कर्ज फिटले, पण बोजा कमी करायचा राहून गेला. पंधरा वर्षांनी वारस जमीन नावावर करायला तलाठ्याकडे गेले, तेव्हा बोजा दिसला. संस्थेकडे भरणा पावतीची स्थळप्रत नाही, खतावणी नाही. आता दाखला कशाच्या आधारे द्यायचा? सचिव सही करायला बिचकतो आणि वारस हेलपाटे घालत राहतात. म्हणून कर्ज फिटले तरी बोजा उतरल्याचा फेरफार हाती येईपर्यंत त्या खात्याचा एकही कागद हलवू नये.

संचालकांच्या दृष्टीनेही दप्तर ही ढाल आहे. लेखापरीक्षण किंवा चौकशीत गैरव्यवहार आढळला तर कलम ८८ खाली त्याआधीच्या पाच वर्षांतील कारभाराबद्दल व्यक्तिशः जबाबदारी निश्चित होऊ शकते. तेव्हा "मी विरोध नोंदवला होता" हे तोंडी सांगून भागत नाही, प्रोसिडिंग बुकात ते असावे लागते. संस्था आणि सभासद यांच्यातल्या कृती किंवा चुकीबद्दलच्या वादाला कलम ९२ मध्ये सहा वर्षांची मुदत आहे. म्हणजे साधी व्हाउचरेसुद्धा सहा वर्षांच्या आत काढणे धोक्याचे.

संस्थेच्या उपविधीत किंवा सहकार खात्याच्या परिपत्रकात एखाद्या कागदाला याहून जास्त मुदत दिली असेल, तर ती पाळायची.

शेतकरी उत्पादक कंपनी : आठ वर्षे, आणि दोन पुस्तके कायम

कंपनी कायद्यात मुदती स्पष्ट आहेत. कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आणि त्यांची व्हाउचरे, चालू वर्षाच्या आधीची किमान आठ आर्थिक वर्षे सुस्थितीत ठेवायची. तपास सुरू असेल तर सरकार जास्त काळ ठेवायला सांगू शकते. वार्षिक विवरणपत्राच्या प्रतीही आठ वर्षे. सभासद नोंदवही आणि सभांची इतिवृत्ते मात्र कायमची.

गावातल्या कंपन्यांत हमखास होणारी एक गफलत अशी : नोंदणीकृत कार्यालय असते एखाद्या संचालकाच्या घरी, आणि सगळे कागद तालुक्याला सी.ए.च्या कपाटात. कायद्याप्रमाणे पुस्तके नोंदणीकृत कार्यालयात हवीत. दुसरीकडे ठेवायची असतील तर संचालक मंडळाचा ठराव करून सात दिवसांत "एओसी-५" या नमुन्यात कंपनी निबंधकांना कळवावे लागते.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीने वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. आधी टाकलेली नोंद खोडून नवी टाकली तर जुनी काय होती, कधी बदलली, हे दिसले पाहिजे. हिशेब नीट न ठेवल्यास जबाबदार व्यक्तीला पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दंड "कंपनी भरेल" असे धरून चालू नये.

ट्रस्ट आणि शाळा : दहा वर्षांचा खरा नियम इथे

विश्वस्त कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे नियमित हिशेब ठेवणे आणि कलम ३३ प्रमाणे तो तपासून घेणे बंधनकारक आहे. ज्या ट्रस्टने आयकरात १२ए ची नोंदणी घेतली आहे आणि ज्याचे सूट धरण्याआधीचे उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा जास्त आहे, त्याच्यासाठी २०२२ मध्ये आयकर नियमांत १७एए हा नियम आला. त्यात पुस्तके व कागदपत्रे संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे ठेवायला सांगितले आहे. गावात फिरणारा "दहा वर्षे" हा आकडा इथे खरा ठरतो, पण मोजणी मात्र वेगळी. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने, त्यानंतरच्या वर्षांसाठी नियमाचा क्रमांक आणि तपशील सी.ए.कडून लेखी घ्यावा.

विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत द्यायचा असतो. हे अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित राहिल्याची उदाहरणे तालुक्या-तालुक्यात आहेत. ज्या सभेत निवड झाली त्या सभेची नोटीस, ती पोहोचल्याची पोच, हजेरीच्या सह्या आणि ठराव हे अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत तरी मूळ स्वरूपात हवेत. जमीन विकायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेतली असेल, तर तो आदेश कायमचा.

मंडळाची शाळा असेल तर जनरल रजिस्टर हा त्या गावाचा इतिहासच असतो. जात पडताळणीत इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. पणजोबांचा शाळेतला दाखला हा अनेकांचा एकमेव आधार. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यावर कुणबी नोंदींसाठी मोडीतले जुने दप्तरही शोधले गेले. ज्या शाळेने रजिस्टर जपले तिथल्या घरांना आधार मिळाला. ते पान फाटले असेल तर पुढच्या तीन पिढ्यांची अडचण होते.

मुदत सुरू कधी होते? उदाहरणे पाहा

आर्थिक वर्ष २०२४-२५ घेऊ.

जीएसटी : कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे बिले आणि नोंदी ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. खत-बियाणे विकणाऱ्या सोसायटीचे एप्रिल २०२४ चे बिल त्यामुळे पावणेआठ वर्षे जपावे लागते. अपील किंवा कार्यवाही चालू असेल, तर तिचा अंतिम निकाल लागल्यापासून एक वर्ष, किंवा हे ७२ महिने, यातले जे नंतर संपेल ते.

१२ए ट्रस्ट : कर-निर्धारण वर्ष २०२५-२६. ते ३१ मार्च २०२६ ला संपते. त्यापुढे दहा वर्षे, म्हणजे ३१ मार्च २०३६. एप्रिल २०२४ ची पावती जवळपास बारा वर्षे.

सोसायटीचे कर्ज : सभासदाचा मृत्यू किंवा सभासदत्व संपणे, तिथून पुढे.

म्हणून गठ्ठ्यावर नुसते "२०२४-२५" लिहू नये. "अमुक तारखेपूर्वी काढू नये" असे लिहावे.

कर्जमाफीने दिलेला धडा

जुन्या नोंदी कधी लागतील याचा अंदाज आधी येत नाही. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत ३१ मार्च २००७ पर्यंत वाटलेली कर्जे विचारात घेतली गेली. पुढे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, या योजनेची तपासणी केली आणि २०१३ मध्ये संसदेत अहवाल आला. काही पात्र शेतकरी वगळले गेल्याचे, काही अपात्रांना लाभ मिळाल्याचे आणि नोंदींमध्ये खाडाखोड झाल्याचे त्यात नोंदवले होते. राज्याच्या २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेतही १ एप्रिल २०१५ पासूनची कर्जे आणि ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी पाहिली गेली. ज्याच्या खात्याचे पान स्वच्छ, त्याचा दावा सोपा. पान नसेल तर शेतकरी पात्र असूनही ते सिद्ध करणे अवघड.

कायमचे कागद : यांना हात लावू नये

- नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी किंवा घटना आणि त्यांच्या मंजूर दुरुस्त्या
- सभासद आणि भाग नोंदवही
- सर्वसाधारण सभा व संचालक मंडळाची इतिवृत्ते
- जमीन, इमारत, गोदामाचे खरेदीखत, भाडेपट्टा, देणगीपत्र, मोजणी नकाशा
- लेखापरीक्षण अहवाल आणि दोषदुरुस्ती अहवाल
- न्यायालय, निबंधक, धर्मादाय आयुक्त यांचे अंतिम आदेश
- शाळेचे जनरल रजिस्टर
- नष्ट केलेल्या कागदांची यादी

यातल्या काहींना कायद्यानेच कायमची मुदत आहे, काहींना नाही. पण संस्था आहे तोवर त्यांची गरज संपत नाही. जमिनीच्या कागदांबाबत आणखी एक कारण आहे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ९२ प्रमाणे तीस वर्षांपूर्वीचा दस्त योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरची सही-अक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. "योग्य ताबा" म्हणजे तो संस्थेच्या कपाटात असणे. माजी चेअरमनच्या माळ्यावर सापडलेला दस्त आणि दप्तरात नोंद असलेला दस्त, यांची पत सारखी राहत नाही.

स्कॅन केले म्हणजे झाले का?

स्कॅन जरूर करावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुराने कोल्हापूर-सांगली भागाला पाणी एका रात्रीत कुठवर येते ते दाखवून दिले. पण वचनचिठ्ठी, इकरार, सभेचे सहीचे इतिवृत्त, खरेदीखत यांची मूळ प्रत लागतेच. संगणकातली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे संगणक कुणाच्या ताब्यात, पासवर्ड कुणाकडे, बॅकअप कुठे, याची नोंद ठरावात असू द्यावी. बॅकअपची एक प्रत कार्यालयाबाहेर हवी.

तक्ता कसा करायचा

एका मोठ्या वहीत सहा रकाने आखावेत : कागदाचे नाव, कोणत्या कायद्याखाली, मुदत किती, मुदत कधीपासून, कोणत्या तारखेपूर्वी काढू नये, ताबा कुणाकडे. नियम ६५ ची यादी किंवा कंपनीची नोंदवह्यांची यादी समोर ठेवून एकेक ओळ भरावी. शेवटी सी.ए. किंवा लेखापरीक्षकांकडून तपासून घ्यावे आणि मासिक सभेत ठराव करून मंजूर करावे. दरवर्षी एप्रिलमध्ये एकदा उघडून पाहावे, कारण कायदे बदलतात.

तक्त्याच्या वर लाल शाईने एक ओळ लिहावी : दावा, अपील, चौकशी, ऑडिट आक्षेप किंवा माहितीची मागणी प्रलंबित असेल तर मुदत संपली तरी कागद काढायचा नाही. पुराव्यात येऊ नये म्हणून कागद किंवा संगणकीय नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

काढायचेच झाले तर

मुदत संपलेल्या कागदांची यादी करावी. काही प्रलंबित नाही ना, हे सचिव आणि लेखापरीक्षक यांच्याकडून लेखी घ्यावे. संचालक मंडळात ठराव करावा. दोन संचालकांसमोर कागद फाडून बारीक करावेत आणि पंचनामा लिहावा. आधार, पासबुक, सह्यांच्या प्रती असलेले गठ्ठे तसेच्या तसे रद्दीवाल्याला देऊ नयेत. भेळीच्या पुडीवर सभासदाचा आधार क्रमांक दिसला तर संस्थेची अब्रू जाते.

दप्तर कुणाचे?

दप्तर संस्थेचे असते, सचिवाचे किंवा चेअरमनचे नसते. निवडणुकीनंतर मावळत्या अध्यक्षाने कागदपत्रे आणि मालमत्ता नव्या अध्यक्षाकडे सोपवायची, असे सहकार कायद्याचे कलम १६० सांगते. सोपवताना यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. दप्तर अडवून धरणे, नष्ट करणे किंवा खोट्या नोंदी करणे कलम १४६ खाली गुन्ह्यात मोडते. दप्तरात फेरफार होण्याची भीती असेल तर निबंधक कलम ८० खाली ते ताब्यात घेऊ शकतात.

सभासदांनाही अधिकार आहे. कलम ३२ प्रमाणे सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. फी भरून लेखी मागितल्यास एक महिन्यात प्रत द्यायची असते. नाही दिली तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

यंदा वार्षिक सभेच्या आधी प्रत्येक सभासदाने दोन कामे करावीत. आपल्या खात्याचा उतारा मागून घ्यावा, आणि कर्ज फिटले असेल तर सातबाऱ्यावर बोजा अजून आहे का ते पाहावे. बोजा दिसला तर संस्थेकडे त्याच आठवड्यात अर्ज द्यावा. पावतीची स्थळप्रत कपाटात आहे तोवर हे काम एका दाखल्यात होते.